अक्काचे नऊ उपास

"गर्भाशयाचं अस्तर क्षयानं खाल्लंय. तुमच्या पोटात गर्भ धरणार नाही," नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला एवढंच सुचलं, की उद्या सकाळी सातला लातूरला बॅच आहे. तिथल्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचे.

मार्ग उरला सरोगसीचा. म्हणजे बीज आम्हा नवराबायकोचं आणि कूस दुसरीची. नवऱ्याची थोरली बहीण, निलंग्याची अक्का, आपणहून पुढे आली. दोन पोरांची आई. म्हणाली, "माझ्या पोटात ऱ्हाईल की. पोट काय झिजणार हाय का?"

मी यशाची टक्केवारी विचारली. लातूरचं माणूस दुसरं काय विचारणार? बाई म्हणाल्या, "तुमचं वय, गर्भाची प्रत, अक्कांचं अस्तर, सगळ्यावर आहे ते. आणि अक्कांच्या गोळ्या वेळेवर हव्यात."

एम्ब्रियो, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले गर्भ, दोनच मिळाले. ते गोठवले. पुन्हा बीज निघेल अशी आशा बाईंनी दाखवली नाही.

भीतीपोटी माणूस काय करेल नेम नाही. विज्ञान शिकवणारी मी अक्काला म्हणाले, "नवरात्र येतंय, भवानीला काहीतरी बोल."

ती बोलली.

दसऱ्यानंतर सोनोग्राफी झाली. एस्ट्रोजेनच्या, म्हणजे अस्तर वाढवणाऱ्या गोळ्या देऊनही अस्तर पातळच. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "नऊ दिवस दूध सोडून तोंडात काय बी घातलं न्हाई. गोळ्या डबीत हायेत, एक बी हरवली न्हाई." भूकंपात घर बसलं तेव्हाही न रडलेली अक्का तिथे रडली.

तपासणी न करता गर्भ तिच्या पोटात ठेवले असते तर दोन्ही गेले असते. मी तिच्यावर ओरडले. नवस बोलायला मीच लावलं होतं, हे मात्र तेव्हा गिळलं.

बाईंनी तो महिना सोडून दिला. पुढच्या महिन्यात अक्का आमच्याकडे राहिली. गोळीच्या वेळी मी परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी तिच्यापुढे उभी राहायचे. त्याची आता लाज वाटते. अस्तर वाढलं. दोन्ही गर्भ तिच्या पोटात ठेवले.

मग दोन आठवडे नुसती वाट पाहणं. फळ्यावर गणित मांडायचे आणि मध्येच विसरायचे. अक्का शिंकली तरी हातातलं टाकून तिच्याकडे धावायचे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, कूस देणारीचे उपासतापास, जुनी दुखणी, मनातली भीती, सगळं आधी डॉक्टरांपुढे बोलून घ्या. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ रुजला का हे सांगणारी रक्ताची तपासणी झाली. रिपोर्टचं पाकीट हातात आलं तेव्हा अक्कानं माझा पदर धरला.

"न्हाई ऱ्हायलं तर माझ्याशी बोलशील ना गं?"

मी पाकीट फोडलं. पॉझिटिव्ह होतं.

लेक आता शाळेत जाते. अक्काचे पाय धुऊन पाणी प्यायले तरी कमीच. पण तिला "हो" म्हणायला मी पाकीट फोडेपर्यंत थांबले, आणि ते तिनं पाहिलं.