नवाबच्या दुकानातला नियम

नवाब कुणालाही नावानं हाक मारत नसे. गावानं मारायचा. अलिबागला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं गेमिंग पार्लर होतं. तिथे पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, ‘‘गाव कुठला?’’ उत्तर दिलं की तुमचं बारसं झालं. पेण, पोयनाड, चौल, रेवदंडा अशी गावं तिथे मांडीला मांडी लावून बसायची आणि पडद्यावर एकमेकांना बुकलून काढायची. मी ‘उरण’.

त्याचं स्वतःचं ‘नवाब’ हे नाव मात्र आम्हा कॉलेजच्या पोरांनी ठेवलेलं. तो मुरूडचा सिद्दी, पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. काळाभोर रंग, घट्ट कुरळे केस आणि दारातून आत येताना मान वाकवावी लागेल अशी उंची. जंजिऱ्यावर कधीकाळी सिद्द्यांचं राज्य होतं, तेवढा इतिहास आम्हाला पुरेसा होता. बाकी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. नवाबाचं राज्य म्हणजे एक गाळा, चार टीव्ही, चार कन्सोल आणि त्याची खुर्ची सोडून सगळीकडे वारा देणारा एक पंखा. ‘‘नवाबाच्या घरचा न्हाय रे मी,’’ तो म्हणायचा. ‘‘नवाबाच्या होडीवर वल्ही मारायचा ना, त्याच्या घरचा.’’

तो गाळ्यातच मागे राहायचा. आई आणि बहीण मुरूडला. शनिवारी-रविवारी मुंबईची माणसं मांडव्याला उतरून अलिबागेत शिरली की नवाब शक्यतो बाहेर पडत नसे. एकदा त्याच्याबरोबर किनाऱ्यावर भेळ खायला गेलो होतो, तेव्हा कारण कळलं. एका कुटुंबानं त्याला इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशाचे तुम्ही? नवाब म्हणाला, ‘‘मुरूड. एसटीनं दीड-दोन तास.’’ ते हसले. त्यांना वाटलं, परदेशी माणूस किती छान मराठी शिकलाय. त्यांनी त्याच्याबरोबर फोटोही काढून घेतला. परतताना तो इतकंच बोलला, ‘‘माझी पणजी मुरूडच्याच कब्रस्तानात हाय. आता अजून किती मुरूडचा व्हायचा माणसानं?’’ मी भेळेचा कागद चुरगळत राहिलो.

मी तरी तिथे रोज का जायचो, तर दुसरीकडे कुठे जायला जागाच नव्हती म्हणून. उरणजवळच्या आमच्या गावात घराघरात कंटेनर ओढणारा एक ट्रेलर आहे आणि प्रत्येक मुलाला बारावीनंतर बंदराची वाट धरायची असते. मी अलिबागच्या कॉलेजात मास मीडियाला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं फाडफाड इंग्रजी बोलायची आणि माझ्या तोंडून ‘काळा’, ‘फळ’ऐवजी घरचं ‘काला’, ‘फल’ निसटलं की एकमेकांकडे बघायची. खोलीवर एकटा, डब्याला एकटा. गेमवर प्रबंध लिहितोय म्हणून घरी सांगितलं तर बाबा फोनवर म्हणाले, ‘‘आरं, गेम खेलून कोन पास व्हतं काय?’’ नवाबच्या दुकानात निदान मला कुणीतरी हाक मारायचं.

दुकानात एकच नियम होता. एका पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून भिंतीला चिकटवलेला: ‘दुसऱ्याचा प्लेयर विचारल्याशिवाय उचलू नये.’ कुस्तीच्या गेममध्ये आपापला पैलवान बनवून ठेवता यायचा. नाक, डोळे, केस, अंगावरचे कपडे, सगळं आपल्या मनासारखं. कन्सोल सगळ्यांचे, पण पैलवान ज्याचा त्याचा. दुसऱ्याचा घेऊन खेळायचं तर त्याला विचारायचं, तो नसेल तर थांबायचं. एकदा रेवदंड्यानं पेणचा पैलवान परस्पर उचलला आणि हरवून ठेवला, तर नवाबनं त्याला आठवडाभर दुकानात घेतलं नाही. ‘‘एवढं काय त्यात, खोटाच तर माणूस आहे,’’ मी म्हणालो. ‘‘खोटा असंल,’’ नवाब म्हणाला, ‘‘पन बनवनारा खरा हाय ना.’’

नवा गेम आला की नवाब खेळायचा नाही. तो आधी स्वतःचा चेहरा बनवायला बसायचा. दुपारी गिऱ्हाईक नसताना तास-दीड तास त्याचं हेच चालायचं, आणि कधीच जमायचं नाही. रंग गडद केला की केसांचे दोनच प्रकार उरायचे, टक्कल नाहीतर वेण्या. नाक नेमून दिलेलं. आणि भुवया आपोआप खाली यायच्या. ‘‘बघ उरण,’’ तो मला दाखवायचा, ‘‘रंग काळा केला की डोळे रागावतात. गोऱ्याचे न्हाय रागावत. मी कंदी रागावलेला दिसतो काय तुला?’’ नवाब रागावलेला मी खरंच कधी पाहिला नव्हता. मग तो उलटीकडून सुरुवात करायचा. आधी गोरा माणूस घ्यायचा, त्याचे डोळे शांत करायचे आणि मग एकेक छटा चढवत न्यायचा. चोरून आत शिरावं तसा.

त्याच्याकडे या विषयाचं जे ज्ञान होतं ते आमच्या ग्रंथालयात नव्हतं. ‘‘गेममधला काळा मानूस तीन कामं करतो,’’ तो बोटांवर मोजून सांगायचा. ‘‘मारतो, मरतो, न्हायतर नाचतो. दुकान चालवताना बघितलास कुठं?’’ मी वही काढून भराभरा लिहून घ्यायचो. माझा प्रबंधच मुळी या विषयावर होता, व्हिडिओ गेममधला वर्ण आणि वंश. पुस्तकांतून उचललेले मोठमोठे शब्द माझ्याकडे होते आणि ते शब्द ज्याच्याबद्दल होते तो माणूस समोर चहा ओतत होता. मला वाटायचं, आपलं नशीब जोरावर आहे.

एक गोष्ट मात्र मी प्रबंधात लिहिली नाही. माझा स्वतःचा पैलवान मी माझ्यापेक्षा चांगला चार छटा उजळ केला होता. आमच्या घरात सगळेच सावळे, मी त्यातल्या त्यात जास्त. नवाबनं पहिल्याच दिवशी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘उरण, तू एवढा गोरा कंदी झालास?’’ मी टीव्हीच्या ब्राइटनेसला दोष दिला. त्यानं मुकाट्यानं रिमोट घेऊन ब्राइटनेस कमी केला. पैलवान तरीही गोराच राहिला. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटच्या वर्षी एका दुपारी मी कोपऱ्यात बसून प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत होतो. नवाबनं पडद्यासमोरून विचारलं, ‘‘उरण, तुझा चेहरा घेऊ काय?’’ मी मान वर न करता म्हणालो, ‘‘घे की.’’ थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘जरा हिकडं बघ. कान दाव.’’ मी कान दाखवला आणि पुन्हा वहीत तोंड खुपसलं. त्यानं काय केलं ते मी उठून बघितलंसुद्धा नाही. मला वंश आणि वर्ण यांवरचं प्रकरण संपवायचं होतं.

प्रबंध वर्गासमोर मांडायचा होता. मी नवाबला बोलावलं. तो दुकान बंद करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि शेवटच्या बाकावर गुडघे आवळून बसला. मी चांगला बोललो. आयुष्यात पहिल्यांदा वर्ग माझं ऐकत होता. मग मी ती स्लाइड लावली. डावीकडे गेममधले दोन काळे गुंड, भुवया खाली आलेले. उजवीकडे नवाब. गंजीफ्रॉक घातलेला, घामेजलेला, कन्सोलच्या वायरी सोडवत जमिनीवर बसलेला. मी गुपचूप मोबाईलवर काढलेला फोटो. वर मथळा, ‘साचा आणि वास्तव’. माझा हेतू चांगला होता. बघा, खरा माणूस असा असतो, मला म्हणायचं होतं. पण पडद्यावर ते तिघे एका ओळीत होते. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘तिसरा सगळ्यात डेंजर आहे,’’ आणि वर्ग हसला. माना मागे वळल्या. नवाबही हसला. मीसुद्धा हसलो, हे सांगायला आजही जीभ रेटत नाही.

सरांनी पाठ थोपटली. मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. मुलं पहिल्यांदाच मला कँटीनला घेऊन गेली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. संध्याकाळी दुकानात गेलो तेव्हा नवाब चहा करत होता. ‘‘झ्याक बोललास,’’ तो म्हणाला. मग भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत, अगदी सावकाश, ‘‘इचारला असतास तं मी हां बोललो असतो. शर्ट घालून बसलो असतो.’’

मी माफी मागायला हवी होती. मी त्याला माझा हेतू समजावून सांगितला. वीस मिनिटं सांगितला, मोठमोठे शब्द वापरून. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, ‘‘चहा घे, नीलेश.’’

माझं नाव त्यानं स्लाइडवर वाचलं असणार. त्या दिवसापासून मी नीलेश झालो. बाकी काहीच बदललं नाही. चहा तसाच, जागा तीच, हसणं तेच. पेणला पेण म्हणायचा, चौलला चौल. मी आत आलो की, ‘‘ये, नीलेश.’’ आईवडिलांनी ठेवलेल्या नावानं एवढं परकं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्यानं माझ्यासमोर चेहरा बनवणंही थांबवलं. परीक्षा झाल्यावर मी सामान आवरून निघालो, तेव्हा तो स्टँडवर पोचवायला आला. माझी बॅग वर ठेवली आणि खिडकीशी उभा राहिला. मी म्हणालो, ‘‘येतो, नवाब.’’ दोन वर्षांत मी त्याला एकदाही मुरूड म्हटलं नव्हतं, हे मला गाडी पोयनाडला पोचल्यावर सुचलं.

पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाईलवर गेम आले आणि टाळेबंदीत त्याचं दुकान उठलं. मी मुंबईत एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागलो. इतर लोक खेळतात, आम्ही चुका शोधतो. दिवसभर हेडफोन, संध्याकाळी भाड्याची खोली. गेल्या वर्षी धीर करून मुरूडला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. बहिणीनं दार उघडलं. नवाब जहाजावर भटारखान्यात लागला होता, बंदर येईल तसा कधीतरी फोन करायचा. मी नाव सांगितलं तर तिला काही बोध झाला नाही. ‘‘उरणचा,’’ मी म्हणालो. ती लगेच आत गेली आणि चादरीत बांधलेला एक कन्सोल घेऊन आली. ‘‘भाई बोलून गेला होता, उरण आला तं त्याला द्या. कवापासून ठेवलाय.’’

खोलीवर येऊन मी तो टीव्हीला जोडला. बाकीच्यांचे पैलवान पुसलेले होते, दोनच उरले होते. पहिल्याचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘मुरूड’. त्याला अखेर जमलं होतं. रंग त्याचा, नाक त्याचं आणि डोळे शांत. दुसरा ‘उरण’. चार छटा उजळ असलेला माझा जुना पैलवान हा नव्हे. हा सावळा होता, माझ्याच रंगाचा. हनुवटीवरचा व्रण होता. डावा कान जरा बाहेर आलेला होता, तोही होता. दोन वर्षं मी त्याच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघत होतो आणि त्यानं एका दुपारी, विचारून, मला पाहून घेतलं होतं. मी बराच वेळ रडलो.

गेम सुरू करायला दोन पैलवान लागतात. मी ‘उरण’ घेतला. दुसऱ्यावर बोट नेलं आणि थांबलो. बहिणीनं दिलेल्या नंबरवर मेसेज टाकला, ‘मुरूड, माफ कर. तुझा प्लेयर घेऊ का?’

त्याला आता वर्ष होत आलं. मेसेजसमोर अजून एकच टिक आहे. रविवारी कन्सोल लावतो, ‘उरण’ निवडतो आणि शेजारच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसतो. नियम साधा आहे, तो नसेल तर थांबायचं.