मागाच्या खोलीतली फायनल

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे बापाने मागावर बसवले. मागावर जे शिकलो ते कोणत्या शाळेत शिकवत नाहीत, असे मी आजही म्हणतो. ज्याला पटत नसेल त्याने धोतराचा एक काठ सरळ विणून दाखवावा, मग बोलावे.

इतवारी बाजाराच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. माझ्या घराला लागून एक लांब खोली आहे. तिच्यात दोन खड्डामाग होते, एक माझा आणि एक माझ्या सोबत्याचा. खड्डामाग म्हणजे जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणकर काठावर बसतो आणि पाय खाली सोडून माग चालवतो. चाळीस वर्षे आम्ही दोघे असे शेजारी शेजारी बसलो. माग बंद पडले, लाकूड गेले, खड्डे राहिले. मुलगा म्हणतो, बुजवून टाकू, फरशी लावू, भाड्याने देऊ. मी बुजवू दिले नाहीत. खोली माझी, खड्डे माझे.

याच खोलीत आम्ही क्रिकेटच्या मोठ्या मॅचा पाहतो. खिडक्यांना पोती लावली की दुपारीही अंधार होतो. मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बिछायतवाल्याकडून प्रोजेक्टर येतो. पडदा मात्र घरचा. माझ्या मागावरचे शेवटचे कापड आहे ते, दोन पन्हे, म्हणजे मागाच्या रुंदीचे दोन पट्टे, मध्ये जोडलेले, त्यामुळे बरोबर मधोमध उभी शिवण दिसते. खेळपट्टी कधी शिवणीच्या डाव्या बाजूला असते, कधी उजव्या. लोकांना त्याची सवय झाली आहे.

हे सगळे मुळात सोबत्यासाठी सुरू झाले. त्याचे डोळे काचबिंदूने गेले, म्हणजे जवळपास गेलेच. समोरचे थोडे दिसते, बाजूचे नाही. घरच्या टीव्हीत त्याला हिरवा रंग दिसतो, बाकी काही नाही. पण पडद्यापासून चार हातांवर, आपल्या जुन्या खड्ड्यात पाय सोडून बसला की त्याला चेंडू दिसतो. यंदा आपला संघ फायनलला गेला त्या दिवशी तो डॉक्टरकडून आला आणि म्हणाला, "आता जे दिसून राहिलं ते बी किती दिवस दिसन, सांगता येत नाही म्हणे. ही फायनल पाहून घेतो गा."

मी म्हटले, "पाहशील. मी दाखवतो." असा शब्द दिला.

आता माझी चूक सांगतो. सुनेने सांगितले होते की ही गोष्ट लिहिणार असाल तर चूकही लिहा, आणि तिचे खरे आहे.

आमच्यात फुकट बसायची रीत नाही. सूत भिजवायचे असो की लग्नाचा मांडव, प्रत्येक घराने आपला वाटा टाकायचा. दर वेळी खुर्च्या, पंखे, प्रोजेक्टर मिळून खर्च येतो आणि बाजूच्या गल्लीतले लोक येऊन पुढे बसतात. म्हणून मी या वेळी वर्गणी लावली. तीही साधी नाही. देवळाच्या उत्सवाचे जुने पावतीपुस्तक शिल्लक होते, शिक्काही होता. प्रत्येक पावतीवर मी स्वतःच्या हाताने लिहिले, 'फायनल मॅच बघण्याबद्दल मिळाले'. घेतलेल्या पैशाची पावती देणारा माणूस आहे मी. दारावर पाटी लावली, 'पावती असेल त्यालाच प्रवेश'.

मॅचच्या दोन दिवस आधी, सकाळी, एक तरुण आला. गळ्यात कार्ड, हातात कागद. मॅच दाखवणाऱ्या कंपनीकडून आलो म्हणाला. बोलणे नरम होते.

"काकाजी, ही पाटी तुमची?"

"माझी."

"आणि ही पावती?" त्याने खिशातून माझीच पावती काढली. कोणाकडून मिळाली ते त्याने सांगितले नाही, मला अजून कळलेले नाही.

"अक्षर माझं आहे. शिक्का देवळाचा. खोटं काय आहे त्याच्यात?"

"खोटं काहीच नाही, तोच तर घोटाळा आहे," तो म्हणाला. "तुम्ही मॅच बघायचे पैसे घेतले हे तुम्हीच लिहून दिलं. पैसे घेऊन लोकांना दाखवायचं तर कंपनीची परवानगी लागते. नाही तर केस होते."

मी म्हटले, "टीव्हीचा डबा माझा, वीज माझी, खोली माझी, कापड मी विणलं. तुमचं काय आहे याच्यात?"

"मॅच," तो म्हणाला.

मला राग आला. मी त्याला सांगितले की पाटी निघणार नाही आणि मॅच होणार. त्याने कागद ओट्यावर ठेवला आणि गेला. कागद इंग्रजीत होता. दिवसभर तो मी उशीखाली ठेवला. संध्याकाळी बायको म्हणाली, "उशीखाली ठेवून तो मराठीत होणार आहे का?"

गल्लीच्या टोकाला एक बाई राहते, कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करते. तिच्याकडे गेलो. तिने कागद दोनदा वाचला.

"काकाजी, पोरगा बरोबर बोलला," ती म्हणाली. "तुम्ही खुर्च्यायचे पैसे घेतले असते तं वेगळं. तुम्ही लिहून ठेवलं, मॅच बघण्याबद्दल. आणि तुमच्या मुलाने टीव्हीले लावलेला जो सेट-टॉप डबा आहे, तो घरापुरता आहे. तसं करारात लिहून राहते."

"मंग सोबत्याले मी काय सांगू?"

"आधी लोकायचे पैसे वापस करा. पाटी काढा. आणि डबा नका लावू. एवढी मोठी मॅच सरकारी चॅनेलवर दिसते, फुकटची छत्री असते त्याले, छतावरची डिश, महिन्याचे पैसे लागत नाही. तुमच्याकडं होती नं पहिले?"

होती. मुलाने नवा डबा आणला तेव्हा ती छत्री मी भंगारात देऊ दिली नव्हती. पण ती आता कुठे होती ते आठवायला मला वेळ लागला, कारण रोज डोळ्यासमोर होती. बायको तिच्यात मिरच्या वाळवत होती. भिवापूरच्या मिरच्या, पाच किलो, पाठ टेकवून ठेवलेल्या छत्रीत, मोठ्या परातीसारख्या.

"मिरच्या काढ वं," मी म्हटले.

"काहून?"

"मॅच पाहायची आहे तिच्यावर."

"आजवर कोणाले सुचलं नाही, मिरचीवर मॅच," ती म्हणाली, पण काढल्या.

छत्री बसवणे सोपे होते. अवघड होते ते दुसरे. दुसऱ्या दिवशी मी पावतीपुस्तक काखेत घेऊन घरोघरी गेलो. प्रत्येकाला पैसे परत दिले, पावती मागून घेतली आणि म्हटले, माझे चुकले, मॅचचे पैसे घ्यायचे नसतात. पहिल्या दोन दारांत हे वाक्य अर्धेच झाले. तिसऱ्या दारात पूर्ण झाले. एका घरी मला ऐकवले, "तुमच्या तोंडून चुकलं ऐकलं, आता मॅच नाही पाहिली तरी चालते." मी पावती घेतली आणि पुढच्या दारी गेलो. या गल्लीत याआधी कोणी मला असे बोलल्याचे आठवत नाही. बोलायची संधीच मी कधी दिली नव्हती.

खुर्च्या कोणी भाड्याने आणल्या नाहीत. प्रत्येकाने घरून आणली, कोणी पाट, कोणी सतरंजी. प्रोजेक्टर बिछायतवाल्याने तसाच दिला, त्यालाही मॅच पाहायची होती. पाटी मी काढली नाही. उलटी केली आणि खडूने लिहिले, 'या, बसा'.

मॅच सुरू व्हायला पाव तास होता आणि पडद्यावर नुसते 'सिग्नल नाही' असे लिहिलेले. मुलगा छतावर छत्री फिरवत होता, मी अंगणातून ओरडत होतो, खोलीतून कोणीतरी मला सांगत होते. छत्रीत राहिलेल्या मिरचीच्या बियांनी मुलाला शिंका यायच्या आणि शिंकेबरोबर छत्री हलायची. अशाच एका शिंकेनंतर खोलीतून आवाज आला, "हाव हाव, थांबवा, हात नका लावू."

कंपनीचा तरुण आला तेव्हा अर्धा डाव झाला होता. त्याने छत्रीचा जुना डबा पाहिला, तिची तार पाहिली, पाटी वाचली, एक फोटो काढला. मी त्याच्या बाजूला उभा होतो. तो म्हणाला, "ठीक आहे, काकाजी," आणि जाता जाता पडद्यासमोर थांबला. माझा सोबती खड्ड्यातून म्हणाला, "उभा काहून आहे गा? दिसणं आधीच कमी, त्याच्यात तू आडवा." तो घाईने खाली बसला आणि पाय आपोआप माझ्या खड्ड्यात गेले. त्याला वाटले ही बसायचीच जागा आहे. आहेच. शेवटपर्यंत तो तिथेच होता.

शेवटचे षटक आले. चेंडू उंच गेला. सोबत्याने मान उचलली, चेंडूच्या बरोबरीने फिरवली, डावीकडून, शिवण ओलांडून, उजवीकडे. सीमेपलीकडे पडला तेव्हा सगळी खोली उभी राहिली. सोबती बसूनच होता. मी वाकून विचारले, "दिसला का?"

"दिसला. शिवणीवरून गेला," तो म्हणाला. मग पडद्याकडे पाहतच त्याने विचारले, "पुढची मोठी मॅच कधी आहे गा?"

मी म्हटले, असेल लवकरच. छत्री छतावरच राहील. मिरची यंदा खाटेवर वाळवू.