आधी चहा पिऊन या

"तुम्ही बाहेर चहा पिऊन या. सावकाश प्या."

आईबापांना डॉक्टरबाईंचं पहिलं औषध हे. ते गेले की खुर्ची सोडून बाई लेकरासमोर सतरंजीवर बसत. लातुरातल्या त्यांच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात मी नंबर लावत असे. दाराला कान लावणाऱ्या पालकांना हाकलणं हेही माझंच काम.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडच्या वस्तीत. तिथली लेकरं विटांचं घर रचून पाडत. मोठी माणसं अपशकून म्हणून हाणत. बाई म्हणत, "पाडू द्या. तोंडानं सांगता येईना, म्हणून हातानं सांगून राहिलीत." मदतीला आलेली बाकीची मंडळी परतली, बाई राहिल्या.

पुढे लातुरात क्लासेस फोफावले. ती बिऱ्हाडं तुम्हीही पाहिली असतील: बाप गावी, आई लेकराला रांधून घालायला भाड्याच्या खोलीत. अर्धापूरची एक आई तर अभ्यास मोडू नये म्हणून पोरीशी बोलायचीच नाही. ताट सरकवायची आणि कोपऱ्यात बसायची. पोरीची भूक गेली, झोप गेली, मग बोलणंही गेलं. आईला वाटलं, अभ्यासात बुडाली. एका सकाळी पोरगी म्हणाली, "मला जगावंसं वाटत न्हाई." तेव्हा आई तिला घेऊन धावत आली. मागोमाग बापही आला. केळीचा बागाईतदार.

"पोरगी येडी झाली म्हणा की, मॅडम."

"न्हाई. आजारी हाय. औषध हाय याला."

"क्लास सुटला तर साल जाईल."

"भाऊ, घडाच्या वजनानं केळ वाकली तर काय करता?"

"टेकू देतो."

"मग हिलाबी द्या."

टेकू म्हणजे काय, तेही बाईंनी सांगितलं. गोळ्या, दर आठवड्याला इथं येऊन बोलणं, क्लासला सुट्टी, पोरीला एकटं सोडायचं नाही, आणि आईनं तिच्याशी अभ्यास सोडून काहीही बोलायचं.

बाप चुळबुळला. लोकांना काय सांगू?

"सांगा, डॉक्टरीण लई खडूस हाय, सोडत न्हाई."

तो हसला. पोरीला घरी घेऊन गेला, पण दर आठवड्याला न चुकता आणत राहिला.

आता बाई थकल्या. दवाखाना बंद करून लेकाकडे राहायला गेल्या. मागच्या महिन्यात तो बाप केळीचा घड घेऊन आला आणि कुलूप पाहून माझं घर शोधत पोचला. मी पोरीची चौकशी केली.

"काय सांगू ताई, माझं एक ऐकत न्हाई. मायलेकी दिवसभर बोलून राहिल्या. टीव्हीतलं काही ऐकू येईना मला."

मी घड आत ठेवून पाणी घेऊन आले, तरी त्याच्या तक्रारी चालूच होत्या.