गोधडीवरचा नियम

आमी नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडीवर नियम लिहिला. मी चौथी शिकलेला, ती तेवढीही न्हाई. मी खडूनं अक्षरं काढायची, तिनं त्यावरून टाके घालायचे.

लेक पुण्यात दोस्तांसोबत एक खेळ खेळते. कंपनीनं रचलेलं एक राज्य, खेळणाऱ्यानं त्यातलं माणूस व्हायचं आन् गोष्ट पुढं न्यायची. त्या राज्यातली नदी जमिनीखाली गेलेली. दुष्काळात फोनवर हे ऐकून हिला लई आवडलं. तिनं ते राज्य गोधडीत शिवलं आणि आपल्या मनाची एक पाणी वाहणारी बाई त्यात घातली. पाठमोरी, डोईवर घागर.

बायांच्या सोसायटीच्या अध्यक्षीणबाई म्हणल्या, "प्रदर्शनात इकू." तर लेकीनं कंपनीचा नियम वाचून दाखवला: हौसेनं करा, फुकट द्या, विकू नका. आणि वस्तू कंपनीची न्हाई, हे तिच्यावर लिहा.

"कंपनी काय बीडात बघायला येणार हाय?" मी म्हणलो.

"दुसऱ्यानं रानात बोरं खाऊ दिली, तर पाटी भरून बाजारात न्यायची व्हय? लिव्हा गुमान. आन् रेघ सरळ काढा, बैल मुतल्यावानी नको," बायको म्हणली.

'राज्य कंपनीचं. गोधडी कंपनीची न्हाई.' एवढे टाके झाले आणि टँकरचा भोंगा वाजला. खाली 'विकायची न्हाई' नुसतं खडूत होतं. सुई तशीच टोचून ती घागर घेऊन उठली. "आलेच," म्हणली. रांगेतच पडली. सांजेला जाळून आलो.

सकाळी अध्यक्षीणबाई आल्या. कोपऱ्यात घागर कोरडी होती, तरी मला पाणी हिंदकळल्याचं ऐकू येत होतं. गोधडीतली बाई पाठमोरीच.

"मयताचं अंथरूण घरात ठेवू नये, भाऊजी. सोसायटीला द्या, प्रदर्शनात इकू. तिचं नाव तरी निघंल."

मी बघितलं. भेटायला आलेली माणसं गोधडीवर बसून गेलती. खडू पुसला होता.

सुई उपसली.

"सुतकात सुई धरत न्हाईत, भाऊजी!"

"बसा गप."

जन्मात टाका घातला न्हवता. बोटं टोचून घेत, आठवून आठवून दोन शब्द शिवले. लई वाकडे आले. बैल मुतल्यावानी.

"आता वाचा," म्हणलो.