गादीचा विडा

आमच्याकडे इंग्रज मुंबई बेटाच्या बाहेर कधी आलाच नाही. साताऱ्याची गादी शाबूत होती आणि शहापूर-मुरबाडचा मुलूख महाराजांचा होता. दुसरं महायुद्ध पेटलं, जपान ब्रह्मदेशात घुसला, तशी महाराजांनी गावोगाव विडा पाठवायची जुनी रीत पुन्हा काढली. चावडीवर तबक ठेवायचं. त्यातला विडा जो खाईल तो गावचा शिपाई. दिवस मावळेपर्यंत कुणीच पुढे आलं नाही तर पाटलाच्या घरचा तरणा गडी जाणार.

तो तरणा म्हणजे मी. सबंध पावसाळा पारावर बसून मिशीला पीळ देत होतो, विडा मीच उचलणार म्हणून. खोटं कशाला बोलू, तबक समोर आलं आणि मी खांबाआड सरकलो.

दुपार कलली. आमचा शेतगडी भाताचा भारा खळ्यात टाकून चावडीच्या पायरीखाली येऊन उभा राहिला. गावकुसाबाहेरच्या वाडीतला माणूस. त्याला चावडीत पाऊल टाकायची मुभा नव्हती, पानसुपारीचं तर नावच नको. सणाला विडे वाटून झाले की उरलेली देठं तो चघळायचा. दवंडी फिरली तेव्हा तो खाचरात होता, पारावरच्या गप्पा वाडीपर्यंत पोचत नसत; त्याच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं.

मी तबक उचलून पायरीपाशी नेलं.

"घे रे. तुझ्यासाठीच ठेवलाय."

"मला, धाकलं पाटील?"

"घे की."

त्यानं हात धोतराला पुसले, विडा दोन्ही हातांत घेतला आणि खाल्ला. कारकुनानं नाव लिहिलं. चावडीतल्या कुणीही त्याला अडवलं नाही, माझ्या बापानंसुद्धा नाही. आणि सांगायला लाज वाटते, मला हायसं वाटलं.

पुढच्या भातकापणीला सरकारी कागद आला. वाडीत कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची बायको तो माझ्याकडेच घेऊन आली. तिचा नवरा ब्रह्मदेशात लढाईत पडला होता. वाचून दाखवलं. ती अंगणातच खाली बसली. मग म्हणाली, "लोक म्हनतात त्याला फसवून धाडला. तसं नाय ना? तो आपल्या मनानं गेला ना?"

"हो," मी म्हणालो.

ती उठली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.