करवतमामा आणि कोरडा तुकडा

शवागारात त्याला सगळे करवतमामा म्हणत. एकतीस वर्षं तो कवट्या उघडत होता. करवत हाडात किती उतरली हे त्याला मनगटात कळे. मेंदूला साधा ओरखडा आला तरी त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे.

कोपऱ्यातल्या नव्या यंत्रावर मात्र त्याचा काडीचा भरवसा नव्हता. डॉक्टरबाईंनी समजावलं होतं: मार बसलेल्या मेंदूतली प्रथिनं आणि चरबी बदलतात. चिमूटभर तुकड्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकला की तो बदल कळतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

"न दिसणाऱ्या उजेडात न दिसणारा मार शोधायचा," मामा म्हणाला. "म्हणजे कुणीच काही पाहिलं नाही."

"तुम्ही करवत चालवा मामा, डोकं मी चालवते."

त्या सोमवारी गोदामातला एक हमाल आला. मुकादमाचं म्हणणं, झोपेत गेला. बहिणीचं म्हणणं, शिडीवरून पडला आणि मुकादमानं उचलून खाटेवर निजवला. ती बाहेर बाकावर बसून होती. मुकादम येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच पाणी विचारत होता. मामाला ते खटकलं. सदराही खटकला. धुतलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. झोपायला असा कोण जातो?

पण अंगावर जखम नव्हती. कवटीला तडा नाही, आत रक्त साकळलेलं नाही. यंत्रानंही सांगितलं, मार नाही. संध्याकाळी पोलीस अहवाल नेणार होते. त्यात एकदा 'झोपेत' आलं की बहिणीचं कोण ऐकणार?

हात धुताना मामाच्या मनात नाही नाही ते येत होतं. यंत्र खोटं असेल. मुकादमानं कुणाचे हात ओले केले असतील. बाईंचे? एवढ्यात अ‍ॅप्रनच्या बाहीला अवयव टिकवायच्या फॉर्मालिनचा वास आला आणि तो जागच्या जागी थांबला.

तुकडा कोरडा ठेवा, बर्फावर ठेवा, असं बाईंनी तीनदा बजावलं होतं. पण एकतीस वर्षांची सवय, कापला की फॉर्मालिनच्या बरणीत. आजही त्यानं तेच केलं होतं. अर्ध्या तासानं लक्षात आलं, तेव्हा तुकडा काढला, टिपला, डबीत ठेवला आणि तोंड मिटून घेतलं.

तो तडक बाईंकडे गेला आणि सगळं सांगितलं.

"अर्धा तास? फॉर्मालिननं प्रथिनंच बदलतात, मामा. यंत्राकडचे नमुने सगळे ताज्या मेंदूचे. त्यानं ओळखायचं काय?"

"बाकीचा मेंदू अजून शीतपेटीत आहे. पुन्हा कापतो."

नवं पातं घेऊन त्यानं तीन जागचे तुकडे काढले. कोरडे.

"सकाळी तपासलेल्या म्हाताऱ्याचाही टाका," तो म्हणाला. "तो हृदयविकारानं गेलाय. आधी तुमच्या यंत्राची परीक्षा."

म्हाताऱ्याच्या मेंदूत मार निघाला नाही. हमालाचे तिन्ही तुकडे मार बसलेल्या मेंदूंशी जुळले.

"आता पटलं?"

"सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मग सांगतो."

"ते करणारच आहे. तोवर 'झोपेत' लिहीत नाही."

बाई लिहायला बसल्या. पहिल्या तपासणीपाशी पेन अडलं. "हे लिहिलं तर मुकादमाचा वकील तुम्हाला सोलून काढेल. निवृत्तीला सात महिने उरलेत तुमच्या."

"आणि लपवलं तर? उद्या त्याला कळलं की बहीण खोटी पडेल." मामानं स्टूल ओढून घेतलं. "लिहा. तुकडा फॉर्मालिनमध्ये पडला."

बाई लिहू लागल्या.

"'पडला' नको," तो म्हणाला. "मी टाकला."