त्या बुधवारी मला विमानातून उतरवलं

रागीट बाईने चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहू नये, असं माझं मत आहे. पण सुट्टीवर नाशिकला आल्यापासून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझा पिच्छाच पुरवला आहे. त्यांना हवी असलेली साक्ष दहा मिनिटांत बसते. डोंगर, विमान, संकट, प्रभूने वाट काढली, संपलं. तसं घडलं असतं तर मीही आनंदाने सांगितलं असतं. जे घडलं त्यात मी बहुतेक वेळ चिडलेलीच होते. नवऱ्यावर, चर्चच्या मंडळीतल्या माणसांवर आणि, लपवून काय उपयोग, देवावरसुद्धा. म्हणून उभं राहून बोलण्यापेक्षा लिहूनच काढते.

माझा नवरा विमानाचा मेकॅनिक. सहा वर्षांपूर्वी मिशनच्या लहान विमानांच्या कामासाठी तो, मी आणि आमची लेक पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात राहायला गेलो. इकडच्या नातेवाइकांचा समज असा की जावयाकडे विमान आहे, म्हणजे आमची मजा आहे. त्यांना एकदा तिथे नेऊन सोडायला हवं. आमच्या खोऱ्यात रस्ता नाही. तांदूळ, रॉकेल, औषधं, शाळेच्या वह्या, सगळं आठवड्यातून एकदा येणाऱ्या त्या विमानातून यायचं. धावपट्टी म्हणजे उतारावरचं गवत आणि गवताच्या टोकाला थेट दरी. सकाळी सहाला उठून ओट्यावर चहा ठेवायचा आणि बाहेर जाऊन समोरच्या डोंगराकडे बघायचं, हे माझं काम. ढग कुठवर उतरलेत, खिंड दिसते का, ते रेडिओवर पायलटला सांगायचं. मग लेकीने धावपट्टीवरची डुकरं हाकलायची. अशी आमची मजा.

आणि तो काटा. कांदा मार्केटला असतो तसला लोखंडी वजनकाटा धावपट्टीच्या कडेला ठेवलेला. विमानात जे जे चढणार ते आधी काट्यावर चढणार, मग ती रताळ्यांची पोती असोत, कोंबड्या असोत की माणसं. माझा नवरा वजन मोठ्याने वाचून कागदावर लिहायचा. पहिल्यांदा त्याने साऱ्या गावासमोर माझं वजन पुकारलं तेव्हा मी आठ दिवस त्याच्याशी नीट बोलले नव्हते. तो म्हणायचा, हवेत गेल्यावर खोटं चालत नाही. तो माणूसच तसा आहे. घरात तांदूळ मोजतानासुद्धा तो नियम सोडत नाही.

त्या सोमवारी नाशिकहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. आई मोरीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, शिवाय तिचं हृदय आधीच नाजूक. मी एकुलती एक, वडील जाऊन बरीच वर्षं झाली, शरणपूरच्या घरात आई एकटी. वहिनींनी तिला हॉस्पिटलात दाखल केलं खरं, पण त्यांच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्या किती थांबणार? माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. आई त्या पांढऱ्या खाटेवर पडून दाराकडे बघते आहे आणि दारातून कोणी येत नाही.

बुधवारी विमान आलं. काट्यावर चढले, आत बसले, पट्टा बांधला. इतक्यात पलीकडच्या रानातून माणसांच्या हाका ऐकू आल्या. चौघेजण बांबूच्या झोळीतून एक बाई घेऊन आले. दोन दिवस अडलेली बाळंतीण, शुद्ध नसल्यासारखीच. बरोबर तिची म्हातारी आई, अनवाणी, मुलीचा हात न सोडता चाललेली. झोळी आत घ्यायची तर आसनं काढावी लागणार, वजन वाढणार. नवऱ्याने पोती उतरवली, माझी बॅगही उतरवली. कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले. मग तो दाराशी आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू उतर."

मला आधी वाटलं तो दुसऱ्या कोणाला सांगतो आहे. मी म्हटलं, अरे, माझी आई आहे तिकडे. तो दार धरून उभा राहिला. तेव्हा मी जे बोलले ते आज लिहिताना हात अडतो, पण लिहिते. मी म्हटलं, त्या म्हातारीला ठेव की मागे, पेशंट जाऊ दे, ती कशाला हवी? नवरा शांतपणे म्हणाला की आमच्या भागात प्रत्येक खोऱ्याची भाषा वेगळी. ही माणसं डोंगराच्या पार पलीकडची, शहरातल्या दवाखान्यात त्यांचा एक शब्द कोणाला कळणार नाही. म्हातारी गेलीच पाहिजे.

मी उतरले. उतरताना त्याने हात पुढे केला, तो मी धरला नाही. विमान दरीवरून गेलं, लहान होत होत दिसेनासं झालं आणि मी माझ्या बॅगेवर बसून रडले. दुःखाने नव्हे, संतापाने. आम्ही कोणाचं काम करायला आलो होतो इथे? सहा वर्षं ढग मोजले, डुकरं हाकलली, लेकीला आजीपासून तोडलं आणि त्याची परतफेड ही? मी देवाला तोंडावर विचारलं, तुझ्या विमानात तुझ्याच माणसांना जागा नाही का? उत्तर आलं नाही. दुपारी ढग मात्र आले. खिंड बुजली, सौर पट्ट्यांना ऊन नाही म्हणून बॅटरी बसली, फोन बंद. तीन दिवस मला आईची काहीच खबर नव्हती. त्या तीन दिवसांत मी नवऱ्याच्या ताटात भात वाढला, पण एक शब्द बोलले नाही.

शनिवारी खिंड उघडली. मी निघाले आणि विमानं बदलत सोमवारी दुपारी नाशिकला हॉस्पिटलात पोचले. आईच्या खाटेशी एक अनोळखी बाई बसली होती. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, हातात कंगवा. ती माझ्या आईची वेणी घालत होती. आईचं ऑपरेशन शुक्रवारीच झालेलं. आई माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आलीस का गं, जेवलीस का?

नर्सने मला कागद दाखवले. ऑपरेशनच्या संमतीवर आईच्या सहीखाली नातेवाइकाची सही हवी होती. हॉस्पिटलने मला फोन लावून लावून बघितला होता, पण मी ढगात. शेजाऱ्यांनी सही केली नाही, काही झालं तर आमच्यावर यायला नको म्हणाले. आमच्या मंडळीतली माणसं आली, प्रार्थना केली, सफरचंदं ठेवली आणि गेली. सही त्यांनीही केली नाही. हे पाळकसाहेबांनी नीट वाचावं. आणि खाली, शाळेत दोन-चार वर्षंच गेलेल्या हाताने एकेक अक्षर कोरून एक नाव लिहिलं होतं, पुढे नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी.

माझं डोकंच फिरलं. सही करणारी म्हणजे तीच वेणी घालणारी, चांदवडकडच्या गावातली शेतकरी बाई. तिचा नवरा पुरुषांच्या वॉर्डात मुतखड्याच्या ऑपरेशनला आलेला, शनिवारी त्याला घरी सोडलं तर त्याला दिराबरोबर पाठवून ही इथेच राहिलेली. मी तिचे आभार मानायचे सोडून तिला वॉर्डाबाहेर नेलं आणि फाडफाड बोलले. तुम्हाला कोणी अधिकार दिला, आईचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे, मुलगी म्हणून लिहायला तुम्ही कोण. ती सगळं ऐकून घेत होती. मग पदर सारखा करत म्हणाली, "काय झालं असतं तर मला धरलं असतं ना ताई. पन सहीपायी त्यांचं आपरेशन अडलं व्हतं, आन त्या एकल्या व्हत्या. दुसरं काय लिव्हायचं मला सुचलं नाय."

मी तिथेच भिंतीला टेकून बसले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. शेतात कांदे काढायला आले होते, बायका ठरवलेल्या होत्या, तरी ही तीन दिवस एका परक्या म्हातारीचं भांडं आणून देत होती, तिला कुशीवर वळवत होती. जाताना तिने चांदवडच्या देवीचा अंगारा आईच्या उशाखाली ठेवला. आयुष्यभर बायबल वाचलेल्या माझ्या आईने तो हलवू दिला नाही. मी बस स्टँडपर्यंत सोडायला येते म्हटलं तर म्हणाली, आईपाशी बसा, आता तुमची पाळी.

दोन दिवसांनी मी नवऱ्याला फोन केला. पोचले, आई बरी आहे, एवढंच आत्तापर्यंत कळवलं होतं. मी विचारलं, "त्या बाईचं काय झालं?"

त्याला पायलटने सगळं सांगितलं होतं. म्हणाला, बाई वाचली. बाळ गेलं. शुद्धीवर आली तेव्हा रिकाम्या पोटावर हात मारून काहीतरी ओरडत होती, डॉक्टरांना कळेना, नर्सना कळेना. मग म्हातारीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला सांगितलं. बराच वेळ तिच्या कानाशी बोलत होती. काय बोलली ते तिथे कोणालाच समजलं नाही, पण मुलगी हळूहळू शांत झाली.

मी त्या म्हातारीलाच मागे ठेवायला सांगितलं होतं.

पाळकसाहेब म्हणतात, बघा, तुम्ही तिकडे जागा दिलीत, प्रभूने इकडे माणूस दिलं. मला हे पटत नाही. मी जागा दिली नाही, मला उतरवलं. आणि मी उतरले नसते तरी चांदवडची ती बाई आईपाशी बसलीच असती, तिचा स्वभावच तो. बाळ का नेलंस, हे मी देवाला अजून विचारते आहे, रोज विचारते, आवाज चढवून विचारते. पण त्याच प्रार्थनेत आता आणखी एक वाक्य असतं. ते म्हणताना माझी मान आपोआप खाली जाते. प्रभू, त्या लेकीला तिची आई हवी होती. मला उतरवलंस, बरं केलंस.